गुणदानाच्या नियमावर पटेल असं लिहायचं कसं

शाळेत प्रत्येक जण गेलेला असतो, त्यामुळे गुणांबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. या विषयावरचं बरंचसं लिखाण फुकट जातं ते त्यामुळेच. लिहिणारा तावातावानं लिहितो, त्याच्या बाजूचे लोक ‘अगदी बरोबर’ म्हणतात आणि ज्याच्या हातात नियम बदलणं असतं तो दुसऱ्या परिच्छेदाआधीच कागद मिटतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यात भरडली जातात ती मुलं. गुणपत्रकावरच्या आकड्यावरून मूल स्वतःची किंमत ठरवतं, घरचे ठरवतात, पुढची शाळाही ठरवते. तो आकडा ज्या नियमानं तयार होतो, त्या नियमाबद्दल समोरच्याला पटेल असं लिहिता यायलाच हवं.

पालक असा, शिक्षक असा किंवा वरच्या वर्गातले विद्यार्थी असा. मुख्याध्यापकांना पत्र, शाळेच्या समितीला निवेदन किंवा एखादा लेख पहिल्यांदाच लिहायला बसला असाल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पहिली पायरी: एकच नियम धरा

‘परीक्षापद्धती बदला’ या मागणीला कोणी हो म्हणूच शकत नाही, कारण हो म्हणून करायचं काय हेच त्यात नसतं. एक नियम निवडा. उशिरा आलेल्या गृहपाठाचे गुण कापणं. न दिलेल्या कामाला शून्य देणं. पुनर्परीक्षेला जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतात त्याची मर्यादा. हजेरी, वही नीटनेटकी ठेवणं किंवा वर्तन यांचे गुण विषयाच्या गुणांत मिसळणं. गटानं केलेल्या प्रकल्पाला सगळ्यांना सारखेच गुण. यातला प्रत्येक मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे.

मग तो नियम जसा लिहिलेला आहे तसा शब्दशः उतरवून घ्या. पुष्कळदा असं लक्षात येतं की तो कुठेच लिहिलेला नाही, नुसता प्रघात आहे, आणि दोन तुकड्यांचे शिक्षक तो दोन तऱ्हांनी पाळतात. तसं असेल तर तुमची मागणी आणखी सोपी होते: आधी नियम लेखी करा.

दुसरी पायरी: भांडण नेमकं कशावर आहे ते ओळखा

माझ्या मते अख्ख्या लिखाणाचं यश या पायरीवर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हर्मागोरस नावाच्या ग्रीक वक्तृत्वशिक्षकानं वादाचे चार मुक्काम सांगितले होते. मुळात ही गोष्ट घडते आहे का? घडत असेल तर तिला म्हणायचं काय? ती योग्य की अयोग्य? आणि याचा निर्णय करायचा अधिकार कोणाचा? दोन माणसं वेगवेगळ्या मुक्कामांवर उभी असतील तर ती कितीही वेळ बोलली तरी एकमेकांपर्यंत पोचत नाहीत.

शून्याचंच उदाहरण घ्या. पालक लिहितात, ‘माझ्या मुलीला विषय येतो, तरी तिला कमी गुण दिले.’ शिक्षक म्हणतात, ‘तिनं काम दिलंच नाही, मग गुण कशाचे?’ दोघंही खरं बोलताहेत. पालक गुण म्हणजे ‘विषय किती येतो याची नोंद’ असं धरून चालले आहेत. शिक्षक गुण म्हणजे ‘केलेल्या कामाचा मोबदला’ असं धरून. वाद दुसऱ्या मुक्कामावरचा आहे, व्याख्येचा आहे, आणि पत्रं मात्र तिसऱ्या मुक्कामावरून लिहिली जातात: हा अन्याय आहे, हा लाड आहे.

म्हणून लेखाच्या सुरुवातीलाच विचारा: या आकड्यानं वाचणाऱ्याला काय कळायला हवं? गुणदानाच्या बहुतेक वादांचं मूळ इथेच असतं. एकाच आकड्यावर ज्ञान, मेहनत, शिस्त आणि प्रगती अशी चार ओझी टाकली की त्यातलं कोणतंच नीट वाहिलं जात नाही. हा एक मुद्दा समोरच्यानं मान्य केला की पुढची अर्धी वाट सोपी होते. आणि मान्य केला नाही, तरी मतभेद नक्की कुठे आहे ते दोघांनाही कळतं.

तिसरी पायरी: वाचक कोण आणि त्याला भीती कशाची

निर्णय घेणाऱ्या एका माणसाला डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या भीतीची यादी करा. मुख्याध्यापकांना वाटतं, एकाला सवलत दिली की उद्या दारात रांग लागेल. शिक्षकांना वाटतं, पुनर्परीक्षा म्हणजे आणखी एक प्रश्नपत्रिका काढायची आणि आणखी एक गठ्ठा तपासायचा, तोही घरी नेऊन. वेळेवर काम देणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटतं, मग आमच्या मुलानं वेळ पाळली ती कशाला? या भीतीत खोटं काही नाही. तुमच्या लेखात यातल्या एकीलाही उत्तर नसेल, तर वाचक स्वतःच ते उत्तर देईल, आणि ते ‘नको’ असेल.

चौथी पायरी: युक्तिवाद उभा करा

ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि खुद्द युक्तिवाद. नवा लेखक बहुधा भावनेपासून सुरुवात करतो. तुम्ही युक्तिवादापासून करा. बाकीची दोन त्याच्या आधारानं येतात.

युक्तिवाद कसा रचायचा याचा एक जुना आणि फार कामाचा साचा न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे, हे त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. आपल्या विषयाला तो असा लावता येतो:

प्रतिज्ञा: न दिलेल्या गृहपाठाचं शून्य विषयाच्या सरासरीत धरू नये.
हेतू: कारण मुलाला विषय किती येतो याबद्दल ते शून्य काहीच सांगत नाही.
उदाहरण: जे मोजायचं आहे त्याच्याशी संबंध नसलेली गोष्ट मोजमापात धरली की मोजमाप बिघडतं, हस्ताक्षराचे गुण गणितात मिळवले, तर तो आकडा गणिताचा राहत नाही.
उपनय: न दिलेला गृहपाठ तसाच आहे, बरोबर की चूक हे तपासायला त्यात एकही उत्तर नाही.
निगमन: म्हणून त्याची नोंद गुणांच्या बाहेर, वेगळी करावी.

लेखात ही पाच नावं लिहायची नाहीत. पण पाचही पायऱ्या कागदावर आहेत ना, हे तपासा. बहुतेक पत्रांत प्रतिज्ञा आणि निगमन एवढंच असतं, म्हणजे तीच मागणी दोनदा. गाळला जातो तो उपनय, आणि सामान्य तत्त्व तुमच्या शाळेच्या नियमाला जोडणारा दुवा नेमका तोच असतो.

यानंतर आकडेमोड करून दाखवा. गुणांवरच्या लेखात आकड्याइतकं बोलकं दुसरं काही नसतं, आणि तरीही लोक विशेषणांवर विशेषणं रचतात. एका मुलाचे पाच कामांचे गुण घ्या: ८५, ९०, ८०, ० आणि ८८. बेरीज ३४३, सरासरी ६८.६. न दिलेलं काम बाजूला ठेवलं तर उरलेल्या चार कामांची सरासरी ८५.७५ येते. एका न दिलेल्या वहीनं सतरा गुणांची घसरण झाली. आता हेच पाच आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला घ्या, म्हणजे मध्यक: ०, ८०, ८५, ८८, ९०. मधला आकडा ८५. मूल तेच, काम तेच, शून्यही तसंच आहे. हिशेबाची रीत तेवढी बदलली.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. एका मुलीचे वर्षभरातले गुण ४०, ५०, ६५, ८०, ९०. दुसऱ्या मुलाचे ९०, ८०, ६५, ५०, ४०. दोघांचीही सरासरी ६५. एक मूल वर चढलं आहे, दुसऱ्याला तातडीनं हात द्यायला हवा, आणि गुणपत्रक म्हणतं की दोघं सारखी आहेत. हे दोन ओळींत लिहा आणि पुढे काही भाष्य करू नका. वाचकाला स्वतः अंतर दिसलं की ते तुम्ही सांगितलेल्यापेक्षा जास्त टिकतं.

पाचवी पायरी: पुरावा वापरा, पण त्याच्या तोंडी नसलेलं घालू नका

विश्वासार्हता इथे कमावली जाते. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. शंभर गुणांची पट्टी अचूक आहे या समजुतीला हा मोठा धक्का होता. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले: काहींना नुसते शेरे, काहींना नुसते गुण, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी टिकली, वाढली. दोन्ही मिळालेल्यांच्या बाबतीत मात्र शेऱ्याचा फायदा दिसला नाही. आणि २००४ मध्ये डग्लस रीव्ह्ज यांनी शून्याविरुद्ध केलेली मांडणी अशी: जिथे वरच्या श्रेण्यांमधलं अंतर दहा-दहा गुणांचं आणि उत्तीर्ण व्हायला साठ लागतात, तिथे शेवटच्या पायरीवरून पाय घसरून शून्य मिळालं तर मूल एकदम साठ गुण खाली जातं.

आता या पुराव्यांतून काय सिद्ध होत नाही तेही पाहा. बटलर यांनी मुलांना दिलेली कामं विचारकौशल्याची, छोटी होती. वर्षभराचा अभ्यासक्रम नव्हता. त्यावरून ‘गुण बंदच करा’ असं निघत नाही. ‘उत्तरपत्रिका परत देताना आधी शेरा द्या, गुण नंतर कळवा’ एवढी मागणी मात्र त्यावर उभी राहू शकते. रीव्ह्ज यांची मांडणी हिशेबाची आहे. त्या श्रेण्या तुमच्या शाळेत नसतील, तर ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. ‘संशोधन सांगतं की’ एवढंच लिहून पुढे जाणारा लेखक चौकस वाचकाला पहिल्याच पानावर गमावतो. कोणी, केव्हा, कोणाचा अभ्यास केला हे एका वाक्यात सांगा आणि त्याची मर्यादा दुसऱ्या वाक्यात. मर्यादा सांगितल्यानं मुद्दा दुबळा होईल असं नवख्यांना वाटतं. उलट सांगणाऱ्यावरचा विश्वास वाढतो.

सहावी पायरी: पूर्वपक्ष मनापासून मांडा

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, मग उत्तरपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्यानं स्वतः मांडलं असतं त्याहून नीट मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं. त्याच न्यायदर्शनात सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, नुसतं जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं मोडत बसणं ती वितंडा. गुणदानावरची पुष्कळ निवेदनं तिसऱ्या प्रकारात मोडतात: शाळेचं सगळं चुकीचं, पण करायचं काय ते नाही.

पूर्वपक्षाचा परिच्छेद कसा असावा, ते लिहूनच दाखवतो:

‘शून्य काढलं तर काम न देणाऱ्याला आणि वेळेवर देणाऱ्याला एकच न्याय लागेल, ही शिक्षकांची हरकत रास्त आहे. मुदत पाळणं ही शिकण्यासारखीच गोष्ट आहे आणि शाळेनं ती शिकवायलाच हवी. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाच्या हाती याहून सोपं साधनही नाही. आमचं म्हणणं एवढंच की त्या साधनानं मुदत शिकवली जात नाही. चुकल्याची नोंद होते आणि प्रकरण मिटतं. शून्य मिळालेलं मूल ते काम पुन्हा कधीच करत नाही. ते काम शाळेतच, ठरलेल्या तासाला पूर्ण करून घेतलं आणि उशीर झाल्याचा शेरा गुणपत्रकावर वेगळ्या रकान्यात आला, तर मुदतही शिकवली जाईल आणि विषयही.’

यात पहिली तीन वाक्यं पूर्णपणे समोरच्याची आहेत. ‘पण’, ‘तरीसुद्धा’ असं कुठेही घाईनं डोकावलेलं नाही. ‘रास्त आहे’ हे शब्द उपचार म्हणून आलेले नाहीत, कारण पुढचा उपाय त्या हरकतीला धरूनच सुचवला आहे. वळण येतं ते ‘आमचं म्हणणं एवढंच’ या जागी. शिक्षकांबद्दल एकही उणा शब्द नाही. बोट नियमावर आहे. हा फरक सांभाळा. ‘शिक्षक मुलांना शून्य देऊन मोकळे होतात’ असं एक वाक्य लिहिलंत की पुढची दोन पानं कोणी वाचणार नाही.

सातवी पायरी: शब्द पारखून घ्या

या वादात काही शब्द आधीच बाजू घेऊन बसलेले असतात. काम न दिल्यासही ५० गुण धरायचे, या सूचनेला एक जण ‘किमान गुण’ म्हणतो, दुसरा ‘फुकटचे गुण’. पुनर्परीक्षेला कोणी ‘दुसरी संधी’ म्हणतं, कोणी ‘पळवाट’. ‘कडक’ म्हणजे दर्जेदार आणि ‘शिथिल’ म्हणजे ढिसाळ, हे तर न सांगताच गृहीत धरलं जातं. तुम्ही शक्यतो कोरा शब्द वापरा: ‘न दिलेल्या कामाचे ५० गुण धरणे’. लांब आहे, पण त्यावर कोणाला हरकत घेता येत नाही. आणि समोरच्याच्या शब्दात निवाडा दडलेला असेल, तर तो शांतपणे उघड करा.

उपमेचंही असंच. पुनर्परीक्षेच्या बाजूनं नेहमी वाहन चालवण्याच्या परवान्याचं उदाहरण देतात: परवाना देताना शिकण्याच्या पहिल्या दिवशीच्या चुकांची सरासरी कोणी काढत नाही, आज गाडी चालवता येते का तेवढं पाहतात. उपमा चांगली आहे, मुद्दा लगेच पोचतो. पण ती लंगडते कुठे तेही जाणून असा. परवान्याच्या चाचणीला माणूस तयारी झाल्यावर जातो. शाळेची परीक्षा वेळापत्रकानं येते. शिवाय तिथे निकाल हो किंवा नाही, इथे पुष्कळ पायऱ्या. वापरायची तर एका वाक्यात वापरा आणि पुढे चला. तीच उपमा दोन परिच्छेद ताणली की वाचक मुद्दा सोडून उपमेशी भांडू लागतो.

आठवी पायरी: भावना मोजून घाला

भावना हवीच. मूल हा विषयच तसा आहे. पण एक मूल, एक प्रसंग, तीन-चार वाक्यं, बस. रडण्याचं वर्णन करू नका; मुलानं काय केलं ते सांगा. ‘गुणपत्रक दप्तराच्या तळाशी, डब्याच्या पिशवीखाली घडी करून ठेवलेलं सापडलं’ या वाक्यात सगळं आलं. वर ‘ते किती खचलं होतं’ हे जोडायची गरज उरत नाही. मूल ओळखू येईल असा तपशील, नाव, तुकडी, आजारपण, काहीही लिहू नका, ते तुमचं स्वतःचं मूल असलं तरी. आणि प्रसंग लगेच नियमाला जोडा, नाहीतर वाचकाला कळवळा येतो आणि निर्णय होता तिथेच राहतो.

नववी पायरी: टाळायचं ते

‘आपण माणसं घडवतो आहोत की यंत्रं?’ असले प्रश्न काढून टाका. ज्या प्रश्नाचं उत्तर समोरचा तुमच्या विरुद्ध देऊ शकतो तो प्रश्न विचारायचा नाही, आणि ज्याचं उत्तर एकच असू शकतं तो विचारण्यात अर्थ नाही. ‘एकदा मुदत सैल केली की शाळाच बुडेल’ आणि ‘हाच नियम राहिला तर मुलं कायमची मोडतील’ ही दोन्ही घसरगुंडीची वाक्यं, एकाच मापाची. ‘एक तर शिस्त, नाहीतर माया’ असे दोनच पर्याय समोर आले तर तिसरा शोधा; तो बहुतेक वेळा असतोच. पुनरुक्ती मात्र जपून वापरली तर चालते. ‘त्याच शिक्षिका, तोच वर्ग, तीच उत्तरपत्रिका’ अशी तीनची माळ कानाला धरते. पण एका लेखात एकदाच.

दहावी पायरी: मागणी अशी करा की हो म्हणता येईल

मागणी छोटी, मुदतीची आणि मागे घेता येईल अशी असावी. ‘एका इयत्तेत, एका विषयात, एका सत्रापुरतं, न दिलेल्या कामाची नोंद वेगळ्या रकान्यात करून पाहावी’ याला हो म्हणायला फारसं धैर्य लागत नाही. सत्र संपल्यावर काय तपासायचं तेही तुम्हीच सुचवा: न आलेल्या कामांची संख्या वाढली की घटली, शिक्षकांचा किती वेळ जास्त गेला. आणि कोणता आकडा आला तर तुम्ही स्वतः ही मागणी मागे घ्याल, ते लिहा. हे एक वाक्य फार कमी लोक लिहितात, आणि समितीच्या बैठकीत त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो.

पाठवण्याआधी आणि नंतर

पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहा. तोवर तुम्हाला काय म्हणायचं आहे ते तुम्हालाच नीट कळलेलं असतं. त्यात नियम, तुमची मागणी आणि एक आकडा एवढं असलं की पुरे. मग सगळं मोठ्यानं वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. त्यानंतर तुमच्याशी सहमत नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या, आणि ‘कसं वाटलं?’ असं न विचारता ‘मी काय मागतोय ते सांग’ असं विचारा. त्याला ते एका वाक्यात सांगता आलं नाही, तर पहिल्या पायरीवर परत या.

वेळही साधा. निकाल लागलेल्या आठवड्यात पाठवलेलं पत्र हे पत्र राहत नाही, ती तक्रार होते, मग आतला मजकूर कितीही समतोल असो. नव्या वर्षाचे नियम ठरायच्या आधी, वेळापत्रकं अजून कच्ची असताना ते पोचायला हवं. पत्राची प्रत ठेवा, उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे ते नम्रपणे लिहा, आणि त्या तारखेपर्यंत काही कळलं नाही तर दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवून भेटीची वेळ मागा. भेटीला जाताना लेखाबरोबर आकडेमोडीचा तो एकच कागद हातात ठेवा. बोलणं तिथूनच सुरू करा.